नळ गळके, मोरी तुंबलेली!

घरात कुणाला कॅन्सर झाला की पहिले काही दिवस नुसत्या धावपळीत जातात. तपासण्या, रिपोर्ट, मोठ्या डॉक्टरांची वेळ, पैशांची जुळवाजुळव. मग एकदाची केमोथेरपी सुरू होते. आत सलाईनमधून थेंब थेंब औषध शिरेत जात असतं आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक बोटांवर हिशेब करत असतात, आज तिसरा डोस झाला, आता तीन राहिले. सगळे डोस संपले की पुन्हा स्कॅन. काहींची गाठ चक्क विरघळून गेलेली असते. काहींची मात्र थोडीशी आकसते आणि पुन्हा वाढीला लागते. अशा वेळी घरी आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढंच सांगितलं जातं, ‘औषध लागू पडलं नाही.’

या चार शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे, औषध कॅन्सरच्या पेशींपर्यंत पोचलं, पण त्या पेशी त्याला पुरून उरल्या. दुसरी म्हणजे, औषध त्या पेशींपर्यंत पुरेसं पोचलंच नाही. पहिल्या शक्यतेवर जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं काम झालं, नवनवी औषधं निघाली. दुसरी शक्यता बराच काळ मागे राहिली. शिरेत सोडलेलं औषध रक्तातून सगळीकडे जातंच, असं गृहीत धरलं गेलं होतं.

ते तसं जात नाही, आणि का जात नाही, हे नीट उलगडून दाखवण्यात एका केमिकल इंजिनीअरचा मोठा वाटा आहे. पाइप, गाळणी, दाब, झिरपणं हा ज्याचा रोजचा विषय, अशा माणसानं कॅन्सरच्या गाठीकडे पाहिलं आणि गणित मांडलं. त्याची ही गोष्ट.

शेवटच्या शेताला पाणी नाही

शरीरातल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्ताकडूनच मिळतं. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचं जाळं सगळीकडे पसरलेलं असतं. पाटाचं पाणी जसं शेतात मुरत मुरत रोपाच्या मुळाशी जातं, तसा प्राणवायू केशवाहिनीतून बाहेर पडून पेशींपर्यंत झिरपतो. मात्र तो फार लांब जाऊ शकत नाही. वाटेतल्या पेशी आपापला वाटा घेत राहतात आणि मिलिमीटरच्या एक-दोन दशांशावर तो संपून जातो.

१९५५ मध्ये ब्रिटनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिन्यांच्या जवळच्या पेशी टवटवीत होत्या आणि ठरावीक अंतरापलीकडच्या पेशी मेलेल्या. प्राणवायू किती अंतरावर संपेल याचं गणित त्यांनी मांडलं. ते उत्तर आणि डोळ्यांना दिसलेलं अंतर यांचा छान मेळ बसला. यातले ग्रे म्हणजे तेच, ज्यांच्या नावानं आज रेडिएशनचा डोस मोजला जातो. ‘इतके ग्रे दिले’ असं रुग्णाच्या कागदावर लिहिलेलं असतं ना, ते हेच नाव.

जिवंत आणि मेलेल्या पेशींच्या मधल्या पट्ट्यात अर्धपोटी पेशी असतात. प्राणवायू कमी मिळत असल्यानं रेडिएशन त्यांच्यावर कमी परिणाम करतं. रक्तवाहिनीपासून लांब असल्यानं औषधही त्यांना कमीच मिळतं. उपचार संपल्यावर गाठ पुन्हा वाढते, त्यामागे अशा वाचलेल्या पेशी असू शकतात.

गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. पण हे काम अगदीच गचाळ होतं. चांगल्या अवयवातल्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या, मोठीतून मध्यम, मध्यममधून बारीक अशा शिस्तीत फुटतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे चेपलेल्या, कुठे एकमेकींतच गुंतलेल्या असतात. एका कोपऱ्यात रक्त धो धो वाहतं तर दुसऱ्या कोपऱ्यात ते जवळजवळ थांबलेलं असतं. शिवाय या वाहिन्यांच्या भिंतींना मोठमोठी भोकं असतात.

इथे कुणीही म्हणेल, भोकं आहेत ते बरंच झालं, औषध भराभर बाहेर पडेल! शास्त्रज्ञांनाही तसं वाटलं होतं. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की मोठ्या आकाराचे रेणू या गळक्या वाहिन्यांतून गाठीत उतरतात आणि तिथे साठून राहतात. या कल्पनेवर पुढे औषधंही बनली. पण गळतीचा दुसरा परिणामही होता. तो कळायला गणित लागलं.

आयआयटीतून कॅन्सरकडे

राकेश जैन यांनी १९७२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात गेले. १९७६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्या काळात त्यांचा संबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या पिएत्रो गुलिनो यांच्या कामाशी आला. गुलिनो यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांत एक युक्ती केली होती. गाठ अशी वाढवायची की तिला रक्त आणणारी धमनी एकच आणि रक्त नेणारी शीरही एकच. केमिकल इंजिनीअरला यात लगेच ओळखीची गोष्ट दिसली. टाकीला एक नळी आत, एक नळी बाहेर! मग किती औषध आत गेलं, किती बाहेर आलं आणि किती गाठीत राहिलं याचा दुकानाच्या वहीसारखा जमाखर्च मांडता येतो.

पुढे जैन पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवू लागले. तिथे लॉरेन्स बॅक्स्टर यांच्याबरोबर त्यांनी जे गणिती मॉडेल मांडलं, ते १९८८ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत ‘कॅन्सर रिसर्च’ आणि ‘मायक्रोव्हॅस्क्युलर रिसर्च’ या नियतकालिकांतून प्रसिद्ध झालं.

समीकरणं आली की सामान्य माणूस पान उलटतो. पण या समीकरणांतली कल्पना समजायला घरातली मोरी पुरेशी आहे.

मोरीचं गणित

एका खोलीत नळ आहेत आणि मोरीही आहे. नळ जरासे ठिबकतात, ठिबकलेलं पाणी मोरीतून निघून जातं आणि जमीन कोरडी राहते. चांगल्या अवयवाचं असंच असतं. केशवाहिन्यांतून थोडा द्रव बाहेर पाझरतो, पेशींना धुऊन काढतो, त्यातला बराचसा परत रक्तात जातो आणि उरलेला लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या वाहून नेतात. लसिकावाहिन्या म्हणजे शरीराची मोरीच. त्यामुळे पेशींमधल्या द्रवाचा दाब शून्याच्या आसपास राहतो.

आता दुसऱ्या खोलीची कल्पना करा. इथे सगळे नळ गळके आहेत आणि मोरी तुंबलेली आहे. पाणी साचत जाणार, पातळी चढत जाणार. ते नळाच्या तोंडापर्यंत येऊन वर चढू लागलं की टाकीतून येणारा दाब आणि खोलीतल्या पाण्याचा दाब सारखा होणार आणि नळ गळायचे थांबणार. भोकं तशीच आहेत, टाकीही भरलेली आहे, पण बाहेर ढकलायला फरकच उरला नाही तर पाणी येणार कुठून?

कॅन्सरच्या गाठीत नेमकं हेच होतं. वाहिन्या गळक्या आणि आतल्या लसिकावाहिन्या वाढत्या पेशींनी चेपून निकामी केलेल्या. द्रव साचतो, दाब चढतो आणि केशवाहिनीच्या आतल्या दाबाच्या जवळपास येऊन थांबतो. मग रक्तात औषध कितीही असलं तरी द्रवाच्या ओघाबरोबर बाहेर पडण्याची त्याची वाट बंद होते.

त्या खोलीला एकच मोकळी जागा आहे, ती म्हणजे उंबरठा. तिथून पाणी बाहेर सांडत राहतं. गाठीचंही तसंच. मधल्या भागात दाब सगळीकडे जवळपास सारखाच चढलेला असतो आणि कडेला तो एकदम कोसळतो. म्हणून द्रवाचा ओघ फक्त कडेला वाहतो, तोही आतून बाहेर. कडेच्या भागात जे काही औषध उतरतं, त्यातलं बरंचसं हा ओघ शेजारच्या निरोगी भागात वाहून नेतो. नदीच्या मुखाशी उलट्या प्रवाहात पोहणाऱ्यासारखी औषधाच्या रेणूची अवस्था होते.

जैन आणि बॅक्स्टर यांच्या गणितात तीन गोष्टी होत्या. पहिली, वाहिनीच्या भिंतीतून किती द्रव पाझरतो याचा नियम. तो इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलेल्या विचारावर उभा आहे. दुसरी, भिजलेल्या मऊ पदार्थातून द्रव किती वेगानं सरकतो याचा नियम. हा तर थेट पाणीपुरवठ्यातून आला! फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीयोजनेचे इंजिनीअर आंरी दार्सी यांनी वाळूतून पाणी झिरपवून पाहिलं आणि १८५६ मध्ये तो नियम छापला. विहिरीला पाझर किती येईल याचा हिशेब करणारे भूजलतज्ज्ञ आजही तोच वापरतात. तिसरी गोष्ट म्हणजे जमाखर्च. आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी बरोबर साचलेलं पाणी.

या तिन्हींची सांगड घातली की गाठीच्या मध्यापासून कडेपर्यंत कुठे किती दाब असेल ते सांगणारं सूत्र हाती येतं. त्या सूत्रानं एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. गाठीत सगळीकडे रक्त अगदी सारखं पोचतंय असं मानलं, तरीसुद्धा मोठे रेणू आत नीट पसरत नाहीत. निव्वळ दाबच त्यांना अडवायला पुरेसा असतो.

न ढवळलेला चहा

इथे एक शंका येईल. द्रवाचा ओघ नसला तरी औषध आपोआप पसरत जाईलच की! चहात साखर टाकून तो ढवळलाच नाही, तरी कधी ना कधी सगळा चहा गोड होतोच. अगदी खरं. पण तो ‘कधी ना कधी’ केव्हा? चमचा फिरवला तर क्षणाचं काम, न फिरवता मात्र चहा थंडगार होऊन जाईल.

आपोआप पसरण्याचा नियम कडक आहे. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. अँटीबॉडीसारखा मोठा रेणू मिलिमीटरचा दहावा भाग सुमारे तासाभरात पार करतो. म्हणजे एक मिलिमीटरला साधारण शंभर तास, चार दिवस झाले. आणि एक सेंटिमीटर म्हणाल तर महिन्यांमागून महिने जातील. सेंटिमीटरभर गाठ म्हणजे जेमतेम हरभऱ्याएवढी. एवढ्या वेळात बरंचसं औषध शरीरातून निघूनही गेलेलं असतं.

केमोथेरपीच्या नेहमीच्या औषधांचे रेणू खूप लहान असतात, ते यापेक्षा बरेच लवकर पसरतात. पण जिथे मुळात रक्तच पोचत नाही, तिथे त्यांचाही इलाज चालत नाही.

रक्ताचा कॅन्सर या बाबतीत वेगळा. त्यातल्या बऱ्याच पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत असतात, गाठीत कोंडलेल्या नसतात. औषध पोचण्याची ही विशिष्ट अडचण तिथे फारशी येत नाही.

सुई काय म्हणाली?

कागदावरचं गणित कितीही देखणं असलं तरी प्रत्यक्षात पडताळा यायला हवा. गाठीत दाब वाढलेला असतो हे १९५० मध्येच ब्रिटिश संशोधकांनी सशांमध्ये मोजलं होतं. पण मध्यापासून कडेपर्यंत तो कसा बदलतो, हा खरा प्रश्न होता. १९९० मध्ये इव्ह बुशे, बॅक्स्टर आणि जैन यांनी अतिशय बारीक टोकाची काचनळी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या गाठीत कडेपासून हळूहळू आत सरकवत नेली आणि टप्प्याटप्प्यावर दाब टिपला. कडेच्या सुमारे मिलिमीटरभर जाडीत दाब झपाट्यानं चढला आणि पुढे मध्यापर्यंत जवळजवळ सपाट राहिला. सूत्रानं काढलेली रेषा आणि काचनळीनं काढलेली रेषा सारखीच निघाली.

मग माणसांच्या गाठी मोजल्या गेल्या. टोरांटोमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या सुमारे शंभर स्त्रियांच्या गाठीतला दाब उपचारांपूर्वी मोजला गेला आणि २००१ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाब सरासरी १९ मिलिमीटर पारा भरला. आपण १२०/८० म्हणतो ते याच मापात. १९ हा आकडा लहान वाटेल, पण निरोगी भागात तो शून्याच्या आसपास असतो हे लक्षात घ्यायला हवं. ज्यांच्या गाठीत दाब जास्त होता, त्यांच्यात रेडिएशननंतर आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. समीकरणातलं अक्षर आता रुग्णाच्या आयुष्याशी जोडलं गेलं होतं.

उपाशी मारायचं की दुरुस्त करायचं?

१९७१ मध्ये बॉस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी एक धाडसी विचार मांडला होता. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात ना? मग त्या फुटूच द्यायच्या नाहीत, गाठ उपाशी मरेल. या विचारातून निघालेलं बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. नेहमीच्या केमोथेरपीबरोबर ते दिल्यावर रुग्णांचं सरासरी आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं.

पण इथे एक कोडं होतं. केमोथेरपी रक्तवाहिन्यांतूनच जाते. रक्तवाहिन्या तोडणारं औषध सोबत दिलं तर केमोथेरपीची वाटच बंद व्हायला हवी. मग जोडीनं फायदा कसा झाला?

त्याचं उत्तर जैन यांनी २००१ मध्येच सुचवलं होतं. तोवर ते हार्वर्डशी संलग्न असलेल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत होते. त्यांचं म्हणणं असं की योग्य प्रमाणात दिलं तर असं औषध गाठीतल्या रक्तवाहिन्या सगळ्याच मारत नाही. निकामी वाहिन्या गळून पडतात आणि उरलेल्या सुधारतात. भोकं लहान होतात, भिंती भक्कम होतात, रक्त सरळ वाहू लागतं. गणित हेच सांगत होतं. सूत्रात गळतीचा आकडा कमी करा, मधला दाब उतरलाच पाहिजे. मोरी दुरुस्त करता येत नसेल तर निदान नळाचे वायसर बदला!

२००४ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे सहा रुग्ण तपासले गेले. बेव्हासिझुमॅबच्या एकाच डोसनंतर बाराव्या दिवशी त्यांच्या गाठीतल्या वाहिन्यांची दाटी कमी झाली होती आणि आतला दाबही उतरला होता. रुग्ण फक्त सहा होते, पण गणितानं दाखवलेली दिशा माणसातही तीच निघाली.

या सुधारणेला मुहूर्त असतो, हेही लक्षात आलं. उंदरांमधल्या मेंदूच्या गाठींवर २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात, वाहिन्या सुधारणारं औषध सुरू केल्यावर चौथ्या ते सहाव्या दिवसांत दिलेलं रेडिएशन सर्वांत प्रभावी ठरलं. आधी दिलं तर वाहिन्या सुधारलेल्या नसतात, उशिरा दिलं तर परिणाम ओसरलेला असतो. डोसचंही तसंच. असं औषध जास्त झालं तर वाहिन्या जास्तच छाटल्या जातात आणि प्राणवायूची पुन्हा बोंब. ‘डबल डोस द्या, पण गाठ घालवा’ असं नातेवाईक कळवळून म्हणतात, तेव्हा ही बाजू त्यांना ठाऊक नसते.

औषधाचा आकार किती असावा हेही गणित सांगतं. वाहिन्यांची भोकं लहान झाली तर फार मोठे कण अडकणार. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉडेल आणि उंदरांवरचे प्रयोग दोन्ही मिळून असं दिसलं की वाहिन्या सुधारल्यावर १२ नॅनोमीटरचे कण गाठीत अधिक उतरले, १२५ नॅनोमीटरच्या कणांना मात्र काहीच फायदा झाला नाही.

चेपलेली नळी

दाब फक्त द्रवाचाच नसतो. वाढत्या पेशी आणि त्यांच्याभोवतीचं तंतूंचं घट्ट जाळं रक्तवाहिन्यांना बाहेरूनही दाबतं. बागेतल्या रबरी नळीवर कुणी पाय ठेवावा तसं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे जाळं फार दाट असतं आणि त्या कॅन्सरवर औषधं सहसा चालत नाहीत, याचं हे एक कारण मानलं जातं.

रक्तदाबासाठी कितीतरी घरांत रोज घेतली जाणारी लोसार्टन ही गोळी हे तंतू तयार होणं कमी करते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तिच्यामुळे गाठीतल्या चेपलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्याचं आढळलं. २०१९ मध्ये बॉस्टनमधल्या ४९ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आजूबाजूला भिनल्यानं त्यांची शस्त्रक्रिया सुरुवातीला शक्य वाटत नव्हती. केमोथेरपी, लोसार्टन आणि रेडिएशन यानंतर त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांची गाठ पूर्णपणे काढता आली.

हे वाचून घरातली रक्तदाबाची गोळी आजारी माणसाला देण्याचा मोह कुणालाही होऊ नये. त्या अभ्यासात लोसार्टन न देता तुलना केलेला रुग्णांचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे त्यावरून ठरत नाही. शिवाय केमोथेरपीनं आधीच खंगलेल्या माणसाचा रक्तदाब आणखी उतरला तर जिवावर बेतू शकतं. हा निर्णय फक्त कॅन्सरतज्ज्ञानं घ्यायचा.

बेव्हासिझुमॅबच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला दिलेली मंजुरी २०११ मध्ये काढून घेण्यात आली, कारण आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही आणि दुष्परिणाम मात्र गंभीर होते. औषध पोचणं ही पहिली पायरी झाली. पोचल्यावर ते कॅन्सरच्या पेशीवर चालायला हवं, आणि दर रुग्णाची गाठ निराळी असते.

म्हणूनच गणिताचं काम संपलेलं नाही. आता एमआरआयवरून एखाद्या रुग्णाच्या गाठीतल्या रक्तप्रवाहाचा नकाशा काढून, संगणकावर तीच जुनी समीकरणं त्या नकाशावर सोडवण्याचे प्रयत्न होत आहेत. पूर्वी गाठ गोल मानावी लागे, आता जशी आहे तशी घेता येते. कुणाच्या गाठीत औषध कुठे पोचेल आणि कुठे नाही, याचा अंदाज डोस देण्याआधी यावा, हा त्यामागचा हेतू. जैन यांना या साऱ्या कामासाठी अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. २०१६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते व्हाइट हाउसमध्ये ते प्रदान झालं.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला यातून काय मिळतं? निदान दोन गोष्टी. औषध लागू पडलं नाही की घरातले लोक दोष शोधू लागतात. डॉक्टर बदलायला हवा होता, आणखी महागडं औषध आणायला हवं होतं, आजीनं पथ्य पाळलं नाही. बऱ्याचदा यातलं काहीच कारण नसतं. गाठीच्या आतच साचलेलं पाणी औषधाला अडवून धरत असतं. त्यात ना कुणाची हयगय असते, ना रुग्णाची चूक.

दुसरी गोष्ट डॉक्टरांशी बोलण्याची. एखाद्या वेळी डॉक्टर दोन औषधं एकापाठोपाठ, मध्ये ठरावीक दिवस सोडून द्यायला सांगतात. प्रवासाची, रजेची अडचण असते म्हणून घरचे तारीख पुढे ढकलू पाहतात. त्या दिवसांच्या अंतराला अर्थ असू शकतो. तारीख बदलण्याआधी ‘चार दिवस इकडेतिकडे झाले तर चालेल का?’ एवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं. डोस चुकवण्यापेक्षा एक फोन केलेला बरा.